ट्वेंटीजमधले दोन उंट

मास्तर जुन्या काळाचं वाक्य सांगायच्या आधी उजवा हात खांद्यावरून मागं न्यायचे. पाठीमागून कुणी हाक मारावी तशी मान वळवायचे, आणि मग म्हणायचे, "इन द ट्वेंटीज..." तिथं थांबायचे. आम्हीही थांबायचो. त्यांच्या मागं खोलीची भिंत होती, भिंतीवर एक खिळा आणि खिळ्याला पिशवी. पण मास्तर बघायचे असे, की आम्हालाही वाटायचं, पिशवीपलीकडं काहीतरी आहे राव.

फाळणीनंतर सिंधमधून आलेली माणसं तेव्हा पिंपरीच्या कॅम्पात राहायची. लांबलचक बराकी, मधे गोणपाटाचे पडदे. त्यातल्या एका खोलीत मास्तर आणि त्यांची बायको. मूलबाळ नाही. तिकडं सक्करला ते मोठ्या शाळेत इंग्रजी शिकवत. इकडं सकाळी पापड विकायचे आणि दिवस कलला की आम्हाला शिकवायचे. फी म्हणून आम्ही वांगी, मेथी, असेल ते न्यायचो.

आम्ही म्हणजे आजूबाजूच्या गावची पाच-सहा पोरं. पोरं कसली, मिशा फुटलेले बाप्ये. मी पिंपळे गुरवचा. नदीपलीकडं, पिंपरीच्या अंगाला, आमचं एक चांगलं काळं रान होतं, ते नव्यानं आलेल्या कंपनीत गेलं. उरलं ते दोन भावांत वाटून खायला पुरायचं नाही. ज्यांची जमीन गेली त्यांच्या घरातला एक माणूस कामावर घेऊ, असं कंपनी म्हणाली होती. पण साहेब लोक सगळे लांबून आलेले, कुणी मद्रासचा, कुणी बंगालचा. त्यांच्यासमोर इंग्रजीत चार वाक्यं बोलता आली तर आत काम, नाही तर कायमची बाहेर पाटी-खोरं. मी मॅट्रिक झालो होतो, पण ते वाचण्यापुरतं. तोंड उघडायचं म्हटलं की दातखीळ बसायची.

आता तुम्हीच सांगा, गेलेला काळ आपण कसा सांगतो? मोठा पूर आला त्या साली. बैल मेला त्या साली. लढाईत रॉकेल मिळत नव्हतं तेव्हा. इंग्रजाचं तसं नाही. तो दहा-दहा वर्षांच्या पेंढ्या बांधतो आणि रचून ठेवतो. ही ट्वेंटीजची, म्हणजे एकोणीसशे वीस ते एकोणतीसची, ही थर्टीजची, ही फॉर्टीजची. पाहिजे ती ओढून काढायची. मास्तरांनी हे शिकवलं तेव्हा आम्हाला फार आवडलं होतं.

फक्त मास्तरांच्या हातात पेंढी यायची ती एकच. "इन द ट्वेंटीज, वी लिव्हड इन अ बिग हाऊस ऑन द बँक ऑफ द रिव्हर." सिंधू नदीच्या काठचं त्यांचं घर. "इन दोज डेज, माय अंकल हॅड टू कॅमल्स. वन वॉज लेम." काकांचे दोन उंट, त्यातला एक लंगडा. छपरावर वारा धरायचा झरोका, अंगणात खजुराचं झाड, उन्हाळ्यात नदीवरून येणारी गार झुळूक, सगळं वाक्यावाक्यानं यायचं. पडद्याआड चुली‌पाशी बसलेल्या त्यांच्या बायकोला इंग्रजी येत नव्हतं, पण नदीचं नाव आलं की तिच्या भांड्यांचा आवाज थांबायचा.

"बोला, पुट, बोला," मास्तर म्हणायचे. पुट म्हणजे पोरा. मग आम्ही सगळे हात खांद्यावरून मागं नेऊन एका सुरात बोलायचो. हात न नेता वाक्य येतच नव्हतं, काय करणार!

निघोज्याचा सोपान मामाकडं राहून क्लासला यायचा; रान मामाचं गेलं होतं, त्याच्या जागी हा. तो एकदा म्हणाला, "मास्तर, तुमी थर्टीज, फॉर्टीजचं का न्हाई सांगत?"

"थर्टीजमधी काका मेला," मास्तर म्हणाले. त्यांचं मराठी असं तोडकंमोडकं, पण बिनधास्त. "फॉर्टीज... फॉर्टीज आपण नंतर करू."

ते नंतर काही आलं नाही. आलं ते मुलाखतीचं बोलावणं.

टेबलापलीकडं तीन साहेब. मधला जाड भिंगांचा, मायाळू चेहऱ्याचा. म्हणाला, लहानपणाबद्दल काही सांग. माझ्या डोक्यात नुसता अंधार. आणि काय झालं देव जाणे, उजवा हात आपोआप खांद्यावरून मागं गेला, मान वळली आणि तोंडातून धो-धो इंग्रजी बाहेर पडलं. "इन द ट्वेंटीज, वी लिव्हड इन अ बिग हाऊस..."

"ट्वेंटीज?" साहेबानं कागदावर पाहिलं. "तुझं वय किती?"

"ट्वेंटी, सर."

"मग ट्वेंटीजमध्ये तू कुठं होतास?"

मी म्हणालो, "ऑन द बँक ऑफ द रिव्हर, सर." एकदा गाडी सुटली ती सुटली. उंटही सांगून टाकले.

"उंट? पिंपळे गुरवला?"

"येस सर. टू. वन वॉज लेम."

साहेबांनी एकमेकांकडं पाहिलं. मी बाहेर आलो, सोपान आत गेला. थोड्या वेळानं आतून जो हशा फुटला, तो व्हरांड्यात बसलेल्या सगळ्यांनी ऐकला. निघोज्यालाही उंट निघाले होते, आणि त्यातला एक लंगडा. तिसरा आमच्या क्लासातलाच भोसरीचा गडी. त्यानं नुसता हात मागं नेला तेवढ्यानंच साहेबांनी चष्मा काढून डोळे पुसले म्हणे, तरी त्यानं लंगड्या उंटापर्यंत सगळं सांगितलंच. मग आम्हा तिघांना एकत्र आत बोलावून साहेब म्हणाले, "पुढच्या महिन्यात परत या. पण या वेळी आपापल्या गावाहून या."

तोंड लपवत आम्ही कॅम्पात गेलो. सोपाननं सगळं सांगितलं. मला वाटलं, मास्तर आता फाडून खाणार. पण ते पुढं सरकून बसले.

"उंटांचं विचारलं? त्यांनी स्वतः विचारलं?"

"व्हय, विचारलं की."

"आणि लंगडा? लंगडा सांगितला तुमी?"

"सांगितला. तिघांनी बी सांगितला."

मास्तरांनी पडद्याकडं वळून सिंधीत बायकोला काहीतरी भरभर सांगितलं. ती बाहेर आली. एरवी कधी आमच्यासमोर न येणारी बाई, ओढणी तोंडाला लावून हसायला लागली, हसता हसता खाली बसली आणि मग ती हसतेय की रडतेय ते कळेना. मास्तरही हसत होते. एवढं खूश झालेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांचं घर तीन माणसांनी तीनदा, टेबलावर हात ठेवून बसलेल्या साहेबांना सांगितलं होतं.

मग त्यांचं हसू ओसरलं. "आणि नोकरी?"

"महिन्यानं परत बोलावलंय," मी म्हणालो. "या वेळी जमलं न्हाई तर संपलं, मास्तर."

"माझा चुकी," मास्तर म्हणाले. "मी माझा घर तुमाला दिला. तुमचा घर विचारलाच नाय."

दुसऱ्याच दिवशी मास्तर नदी ओलांडून आमच्या घरी आले. पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला. ओट्यावर माझ्या वडिलांसमोर मांडी घालून बसले आणि विचारत सुटले. रान कसं होतं, विहीर कुणी खणली, पीक काय. वडील बोलायला लागले की थांबत नसत.

"मोठा पूर आला त्याच्या दुसऱ्या साली हीर खंदली बगा. जवारी अशी यायची, मानूस दिसायचा न्हाई."

मास्तर हिशेब लावायचे. "पूर म्हणजे थर्टीज. म्हणजे विहीर पण थर्टीज." मग त्यांनी माझ्यासाठी वाक्य बांधलं आणि वडिलांना त्याचा अर्थ मराठीत सांगितला. नदीकाठी आमचं एक शेत होतं.

वडील उखडले. "होतं कसं? हाय की! तारंच्या कुंपणात हाय. हीर बी हाय, मी बगतो की जाता-येता. ते काय बैल हाय का पळून जायाला?"

मास्तर वडिलांकडं बघत राहिले. मग म्हणाले, "माझा पण हाय, पाटील. तारेच्या आत."

आम्ही काही पाटील नव्हतो. पण वडिलांनी ते दुरुस्त केलं नाही. दोघंही नदीकडं तोंड करून चहा प्याले.

त्या महिन्यात मास्तर सगळ्यांच्या घरी गेले. सोपानसाठी तर सायकल मागून निघोज्यापर्यंत. प्रत्येकाला त्याची स्वतःची वाक्यं मिळाली. मला विहीर, सोपानला त्याच्या आजीचा आंबा. आणि मास्तरांचा हात मात्र मागं जायचा थांबला. वर्गात ते हात मांडीवर ठेवून बसायचे. एकदा सवयीनं सोपानच्या तोंडून निघून गेलं, "वी लिव्हड इन अ बिग हाऊस..." मास्तरांनी हळूच अडवलं, "ते नको, पुट. ते तुझा नाय." पडद्यामागं भांड्यांचा आवाज आता न थांबता चालू असायचा. मला फार वाईट वाटायचं. एकदा घर सोडून आलेल्या माणसाला आमच्या नोकरीपायी दुसऱ्यांदा घराबाहेर पडावं लागलं होतं.

मला घेतलं. सोपानलाही घेतलं, भोसरीच्या गड्यालाही. पेढे घेऊन गेलो तेव्हा मी म्हणालो, "मास्तर, आता तुमची वाक्यं परत चालू करा की. मी सुट्टीला येत जाईन, नुसता ऐकायला." ते माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ये. नक्की ये."

शिफ्ट सुरू झाली. ओव्हरटाइम सुरू झाला. या सुट्टीला जाऊ, पुढच्या सुट्टीला जाऊ, असं करत पावसाळा गेला.

एका दिवशी दुपारी सुट्टी झाली आणि गेटवरच्या वॉचमननं मला थांबवलं. "सकाळी एक सिंधी म्हातारा आला होता. तुझं नाव सांगत होता. पास नाही म्हणून आत सोडला नाही. लई वेळ उभा होता उन्हात. मग म्हणाला, काही काम नव्हतं, गाडीला वेळ होता."

मी तसाच कॅम्पात पळालो. खोलीला कुलूप. शेजारीण म्हणाली, दोघं गेले, अजमेरला बायकोच्या भावाकडं. परत येणार नाहीत. पत्ता तिला ठाऊक नव्हता, कुणालाच ठाऊक नव्हता. पुढं मी कॅम्पात किती जणांना विचारलं असेल. अजूनही कुणी अजमेरचा भेटला की विचारतो, आणि तो माझ्याकडं वेड्यासारखा बघतो.

त्या दिवशी मी परत गेटवर आलो. ते गेट कुठं आहे सांगू? आमच्या रानाच्या बांधावर. आडवाटेनं कुणी अनोळखी माणूस त्या बांधाशी आला, तरी माझा बाप औत सोडून त्याला सावलीला बसवायचा, पाणी दिल्याशिवाय जाऊ द्यायचा नाही.

मी वॉचमनला विचारलं, "पाणी तरी दिलंस का रे त्यांना?"

तो म्हणाला, "मागितलं नाही त्यांनी."