ह्यांचं ओंगण

रविवारी सकाळी इथे सौंसरला मागच्या अंगणात जुनी चादर अंथरली आणि ह्यांच्या मोटरसायकलचा कार्बोरेटर खोलून बसले. हे गेल्यापासून गाडी तशीच उभी होती… कोणी किकसुद्धा मारली नव्हती.

लोधीखेड्याहून दिरांचा फोन आला होता. "वहिनी, सुरू होत असंल तं ठेवा. नाही तं बुधवारी टेम्पो पाठवतो, भंगारात तरी जाईन." त्यांचंही चूक नाही. ती गंजलेली गाडी दिसली की त्यांना अंगणात पाय ठेववत नाही.

मेकॅनिक म्हणाला, नवीन कार्बोरेटर टाका. पण हे दर दिवाळीआधी तो स्वतः खोलायचे आणि मी शेजारी बसून एकेक वस्तू हातात द्यायचे. कुठला स्क्रू कुठे जातो ते बघून बघून पाठ झालंय.

रबरी रिंग कोरडी बसवली की चिमटते, म्हणून हे आधी तिला बोटाने काहीतरी लावायचे. "ओंगण दे," म्हणायचे. मी नागपूरच्या कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली, हा शब्द लग्नानंतर ह्यांच्याच तोंडून ऐकला. तर बाजारात जाऊन मोठ्या ठसक्यात ओंगण मागितलं… दुकानदाराने डब्यात काळंकुट्ट काहीतरी दिलं. मला वाटलं, कंपनी बदलली असेल. तेच लावून कार्बोरेटर परत बसवून टाकला.

सोमवारी पाहते तर गाडीखाली पेट्रोल टपकतंय. कार्बोरेटरच्या खालच्या वाटीची रिंग फुगून खाचेबाहेर आली होती. दाबून बघितली, पुसून बघितली… ती काही परत बसेना. आणि तशी दुसरी सौंसरला मिळेना.

मंगळवारी बसने पांढुर्ण्याला गेले. स्पेअर पार्ट्सच्या दुकानात रिंगांचा सेट मिळाला. सोबत चांगल्यातलं ओंगण द्या म्हटलं, तर काउंटरवरचे गृहस्थ माझ्याकडे बघतच राहिले.

"ओंगण? काकू, बैलं किती हायेत तुमच्या गाडीले?"

मागून कोणीतरी म्हणालं, "काकूची गाडी पेट्रोल नाही, कडबा खात असंल." दुकानभर हशा. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला… बैलगाडीच्या कण्याला फासतात ते ओंगण. तेच मी त्या नाजूक रिंगेला चोपडलं होतं.

"आमच्या घरी हे त्यालाच ओंगण म्हणायचे," मी म्हटलं. "पांढुरकं, आरपार दिसणारं. छोट्या ट्यूबमध्ये असायचं."

"मंग सिलिकॉन ग्रीस म्हना ना, त्याच्यानं रबर फुगत नाही. तुमची मजाक करत असतीन ते."

मजाकच असणार. इतकी वर्षं ह्यांनी बैलगाडीचं नाव घेऊन मागायचं आणि मी शहाण्यासारखी ट्यूब पुढे करायची… ट्यूबवरचं इंग्रजी वाचायचं मला एकदाही सुचलं नाही. परतीच्या बसमध्ये खिडकीकडे तोंड करून खूप हसले. मग वाटलं, घरी जाऊन ह्यांना म्हणावं, पकडलं तुम्हाला. आणि हसू तिथेच थांबलं.

संध्याकाळी नवी रिंग बसवली. बोटाच्या टोकावर मावेल इतकंच ग्रीस, सगळीकडून सारखं. चोक ओढून किक मारत राहिले, गुडघा कुरकुरला, आणि गाडी खोकत खोकत सुरू झाली…

दिरांना फोन लावला. "भाऊजी, टेम्पो पाठवू नका."

"आवाज येऊन राहिला. कोनं सुरू केली?"

"मी."

ते हळूच म्हणाले, "अन् चालवन कोन, वहिनी?"

"ते बघू," म्हणून मी फोन ठेवला. ज्या घरात दिवसभर फ्रीजचाच काय तो आवाज, तिथे तेवढ्यापुरतं कोणीतरी दारात आल्यासारखं वाटत होतं. टाकीत थोडंसंच पेट्रोल होतं. बंद करायला हात होईना… खुर्ची आणली आणि ते संपेपर्यंत शेजारी बसून राहिले.