जातानाचं तिकीट

पहाटे साडेतीनला बद्रिया उठायची. आधी हात धुवायचे, मग आंबवण उघडून वास घ्यायचा. वास बरोबर असला तर पीठ ओतायचं, नसला तर थांबायचं. मग परातीपुढे गुडघे टेकून खांद्यापासून जोर लावून मळायचं. नुसत्या मनगटाने मळलेली कणीक ती लांबून ओळखायची. तिची धाकटी जाऊ शफिका मनगटाने मळायची.

उन्हाच्या रोटीला घाई चालत नाही. मातीच्या थाळ्यांवर कोंडा भुरभुरायचा, त्यावर गोळे ठेवायचे, थाळ्या गच्चीत मांडायच्या आणि सूर्याची वाट बघायची. गोळे फुगले की कडेने चिरा द्यायच्या आणि उसाच्या वाळक्या पाल्यावर पेटलेल्या भट्टीत सोडायचे. नवरा खलाफ टोपल्या गाढवावर लादून नावेच्या धक्क्यापर्यंत न्यायचा. नदीच्या अलीकडच्या, लक्सर शहरासमोरच्या काठावरची तीन-चार गावं तिची रोटी खात.

इतकी वर्षं राबून तिला एकच गोष्ट हवी होती. मक्केला जायचं, उम्ऱ्याची यात्रा करायची, तीही रोटीच्या कमाईवर. पण भिशीचा नंबर लागला की नेमकं एखाद्या मुलीचं लग्न निघायचं. पहिलीचा फ्रिज, दुसरीचं कपडे धुण्याचं यंत्र, तिसरीची पितळेची भांडी. मुली तीन, भिशा तीन. मक्का मागेच राहिली.

आणि रमजान ईद झाल्यावर बातमी आली, की शफिका उम्ऱ्याला चालली.

शफिकाचा मुलगा मुन्तसिर रियाधला नोकरीला होता. त्याच्या मालकाने ईदला कामगारांना विमान कंपनीची भेटकार्डं वाटली. मुन्तसिरने आपलं कार्ड आईला पाठवलं. खेळायच्या पत्त्यासारखं एक कार्ड, त्यावर नंबर, आत पैसे. त्या पैशांत तिकीट काढायचं. शफिका ते काचेच्या कपाटात, चहाच्या पेल्यांना टेकवून ठेवायची. येईल त्याला ते दिसायचंच.

"बघ की हातात घेऊन," ती बद्रियाला म्हणाली.

"हाताला पीठ आहे," बद्रिया म्हणाली. हात स्वच्छ होते.

घरी येऊन तिने दुसऱ्या दिवसाचा घाणा आदल्या संध्याकाळीच मळायला घेतला. खलाफ ओट्यावरून बघत होता.

"एवढी बडवू नकोस. कणीक आहे ती, शफिका नाही."

"तिने आयुष्यात कधी घाम गाळलाय?"

"नाही."

"मग?"

"मग काय, मुलगा झाला तिला. त्यात माझी काय चूक?"

शफिका गेली त्या दिवशी सगळी आळी तिला नावेपर्यंत सोडायला गेली. बद्रियाही गेली. तिने शिदोरीला रोट्या दिल्या, मिठी मारली, माझ्यासाठीही दुआ माग म्हणाली. हे सगळं तिने नीट केलं. कुठलंही काम अर्धवट करणं तिच्या स्वभावात नव्हतं. परत येताना मात्र ती बायकांच्या मागून एकटी चालली. पुढे बायका आत्तापासूनच शफिकाला हाज्जा, म्हणजे यात्रा करून आलेली, म्हणत होत्या.

त्यांच्याकडे माणूस मक्केला गेला की तो परतायच्या आत घराची दर्शनी भिंत रंगवतात. काबा, खजुरी, माणसाचं नाव आणि विमान. मुन्तसिरने रियाधहून पैसे पाठवले आणि रंगारी उस्ताद गाद शिडी घेऊन आला. दोन भावांचं घर मूळचं एकच. मधे भिंत घालून दोन केलेलं, पण दर्शनी भिंत सलग होती आणि तिला शेजारीशेजारी दोन दारं होती. गादने काबा शफिकाच्या दाराच्या उजवीकडे काढला. मग तो विमानाला लागला. बद्रिया भट्टीवरून आली तेव्हा विमानाचं नाक शफिकाच्या दाराच्या वर होतं आणि निळं शेपूट तिच्या स्वतःच्या दाराच्या वर.

"उस्ताद, हे काय?"

"शेपूट."

"ते दिसतंय. माझ्या दारावर का?"

"विमान लांब असतं, मावशी. मुन्तसिरने मोठं काढायला सांगितलंय. आणि दोन्ही घरं एकाच रक्ताची."

"रक्त एक असेल. दारं दोन आहेत. तिथेच संपव."

"तिथे संपवलं तर आखूड होईल. कबुतर दिसेल."

"मग वर वळव."

"वर वळवलं तर कोंबडा दिसेल." गादने कुंचला डब्यात बुडवला. "मावशी, माझी मजुरी अख्ख्या विमानाची ठरली आहे. तुम्ही आत जा, रंग अंगावर उडेल."

तिसऱ्या दिवशी गाद गेला. बद्रिया भट्टी उरकून बाहेर आली आणि आपल्याच उंबऱ्यासमोर उभी राहिली. नाक त्यांचं, पंख त्यांचे, खिडक्या त्यांच्या. आपल्या वाट्याला शेपूट. तिने चुना भिजवला, फडक्याने गाळला, खलाफची जुनी शिडी लावली. निळा रंग चुन्याच्या एका हाताने लपत नाही. तिने एक हात दिला, वाळू दिला, दुसरा दिला, पुन्हा वाळू दिला, तिसरा दिला. संध्याकाळी तिच्या दारावर डाग उरला नाही. दोन दारांच्या मधे विमान सुरीने कापल्यासारखं सरळ संपत होतं.

खलाफने वर बघितलं, मग तिच्याकडे.

"काम चांगलं केलंस," तो म्हणाला. "पण वाईट केलंस."

दुसऱ्या दिवशी रोटी घ्यायला आलेल्या बायका हसल्या. शफिकाचं विमान बोगद्यातून बाहेर येतंय, एकीने म्हटलं. दुसरी हसली नाही. ती सुईण होती, म्हातारी होती, आणि तिच्या बोलण्याला गावात वजन होतं.

"बद्रिया, ती अजून परत आली नाही. वाटेतल्या माणसाचं विमान कुणी तोडतं का?"

"माझ्या दारावरचा रंग काढला मी. विमान कशाला तोडू?"

"तुला माहीत, अल्लाला माहीत," म्हातारी म्हणाली आणि रोट्या न घेताच गेली.

शफिका गुरुवारी यायची होती. गुरुवारी बद्रियाने तिच्या स्वागताच्या रोट्या भाजल्या, नेहमीपेक्षा मोठ्या, कारण स्वागताला लहान रोटी करत नाहीत. आळीने शफिकाच्या दाराशी सतरंज्या टाकल्या. शफिका आली नाही. मुन्तसिरला फोन लावला, तो म्हणाला, आई कैरोला उतरली, तिथून लक्सरचं दुसरं विमान होतं. मग लक्सरच्या विमानतळावर शफिकाचा भाचा जाऊन आला. त्या विमानात शफिका नव्हती. तिचा फोन बंद होता.

शुक्रवार गेला. रस्त्याने जाणारा प्रत्येक जण आधी भिंतीकडे बघायचा, मग तिच्याकडे. ती थाळ्या गच्चीत न्यायची तेव्हा तिला वाटायचं, खालून सगळे मोजताहेत. शफिकाबद्दल तिचं मन कडूच होतं. पण ती मेलेली तिला नको होती. मेली तर ती कायमची पुढे जाणार होती. मक्केहून परतताना गेलेल्या माणसाची बरोबरी कोण करणार? हा विचार मनात आला आणि तिला स्वतःचीच शिसारी आली. शनिवारी सकाळी तिने निळा रंग शोधला. गादचा डबा शफिकाच्या ओसरीत पडला होता. रंग वाळून दगड झाला होता. ती काठीने तो फोडत बसली असतानाच गल्लीत आरडाओरड झाली.

शफिका चालत येत होती. डोक्यावर गाठोडं, हातात जमजमच्या पवित्र पाण्याचा डबा, पाय सुजून चपलेतून बाहेर आलेले. बायका धावल्या. बद्रिया डबा मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली.

"होतीस कुठे?" सगळ्यांनी एकदम विचारलं.

"रेल्वेत. कैरोच्या स्टेशनवर एक दिवस जागाच मिळाली नाही. फोन तिथेच बंद पडला. मग मिळाली ती बाकाच्या टोकावर. एक बाई तिच्या कोंबडीसकट माझ्या अंगावर झोपली होती."

"मुन्तसिर तर म्हणाला, लक्सरपर्यंत विमान आहे."

"त्याला वाटतं तसं. मी कैरोपर्यंतचंच काढलं होतं. जातानाही रेल्वेनेच गेले. कार्डात पैसे उरावेत म्हणून." मग तिने भिंतीकडे बघितलं. "शेपूट कुठे गेलं?"

बद्रिया उठली.

"मी पुसलं."

शफिका भिंतीजवळ गेली. "काढलंस ते नीट काढलंस," ती म्हणाली. "थेंब कुठे सांडला नाही. असू दे. आलेही मी अर्ध्याच वाटेपर्यंत विमानाने."

बायका हसल्या. बद्रियाला हसू आलं नाही. तिला वाटत होतं, ही ओरडेल, केस ओढेल, आळी गोळा करेल. मग आपणही चार शब्द ऐकवू आणि हिशेब मिटेल. शफिकाने तेही करू दिलं नाही.

दुपारी शफिका तिच्याकडे आली. जमजमची बाटली, माळ, खजूर. आणि ते कार्ड.

"यात अजून आहे. एका बाजूचं तिकीट नक्की निघेल, थोडं वरही उरेल. तुझ्यासाठी."

"मला का?"

"काबासमोर सगळ्यांसाठी दुआ मागितली. तुझ्यासाठी मागायला लागले आणि वाटलं, माझं मागणं हिला पसंत पडणार नाही. माझी कणीकसुद्धा पसंत पडत नाही तुला. त्यापेक्षा तूच जाऊन माग, बहिणी."

"म्हणून रेल्वेत हाल काढलेस?"

"विमानात चहासुद्धा पाणचट देतात. काही गमावलं नाही मी."

बद्रियाने कार्ड घेतलं. हात पिठाचे आहेत असं या वेळी म्हणता आलं नाही.

त्या दिवसापासून तिची झोप गेली. आधी शफिकाकडे मुलगा होता, कार्ड होतं, भिंतीवर विमान होतं. एवढं ती गिळू शकत होती, कारण मेहनत आपल्याकडे आहे ही तिची खात्री होती. आता मेहनतही शफिकाने घेतली. सुजलेले पाय, बाकाचं टोक, आणि तेही आपल्यासाठी. चांगुलपणातही ती पुढे निघून गेली होती.

"परत देऊन टाकते," ती खलाफला म्हणाली.

"दे."

"दिलं तर म्हणतील, बद्रियाला बघवत नाही."

"बघवत नाहीच तुला."

"घेतलं तर जन्मभर ऐकावं लागेल, शफिकाच्या उरलेल्यावर मक्केला गेली."

"मग फाडून टाक."

"पैसे फाडायचे असतात का?"

खलाफने चिलीम झटकली. "मला विचारतेस कशाला मग? भिशी कधी आहे तुझी?"

भिशी पुढच्या महिन्यात होती. या वेळी लग्नाची मुलगी घरात नव्हती. महिनाभर तिने रोज एक परात जास्त मळली. भिशीच्या दिवशी पैसे ओढणीच्या टोकाला बांधले, कार्ड घेतलं आणि शफिकाच्या दाराशी उभी राहिली.

"चल. लक्सरला जायचं आहे. तुला तिथलं माहीत आहे."

नावेत दोघी शेजारी बसल्या. तिकिटाच्या कचेरीत शफिकाच पुढे झाली. खिडकीवरच्या मुलीचं नाव मर्वा. शफिकाने तिच्या आईची खुशालीसुद्धा विचारली. मर्वाने कार्डाचा नंबर मशीनमध्ये टाकला.

"मावशी, जाऊन-येऊन एकत्र तिकीट करते. आधी कार्डातले वापरते, कमी पडतील ते तुम्ही भरा. स्वस्त पडेल."

"नाही," बद्रिया म्हणाली. "दोन वेगळी कर. यायचं कार्डावर. जायचं रोख."

"वेगवेगळं महाग पडतं."

"पडू दे."

"पण फरक काय? शेवटी पैसे तेच."

"पैसे तेच नाहीत. परत येताना मी कुणाच्याही पैशांनी येईन. जाताना नाही."

मर्वाने शफिकाकडे बघितलं. शफिका बद्रियाकडे बघत होती. तिचा चेहरा पडला होता, हे बद्रियाने पाहिलं. इतक्या दिवसांत प्रथमच शफिकाचं काहीतरी बद्रियाला नको होतं आणि ते शफिकाला लागलं होतं. त्या पडलेल्या चेहऱ्याने बद्रियाला जरा बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची लाजही वाटली. पण तिने शब्द मागे घेतला नाही.

"कर ती सांगते तसं," शफिका शेवटी म्हणाली. "लग्न होऊन या घरात आले तेव्हापासून बघते आहे. हिचं मन कुणी वळवलेलं नाही."

"यायचं झालं कार्डावर," मर्वा म्हणाली. "आता जायचं. जागा कुठली? मधली नेहमीच्या दरात आहे. खिडकीची हवी तर वर पैसे पडतात."

"मधली घे, बहिणी," शफिका म्हणाली. "मीही मधलीच घेतली होती. खाली नुसते ढग असतात, दुसरं काही नाही."

"तुला मधून कसं दिसलं?"

"शेजारच्याने सांगितलं."

बद्रियाने ओढणीची गाठ सोडली. नोटांना पिठाचा वास येत होता. तिने त्या सरळ केल्या, खिडकीतून आत सरकवल्या आणि म्हणाली, "खिडकीची."