मोकळी गाडी

माझे बाबा हट्टी होते असं आमच्याकडे सगळे म्हणतात. साफ खोटं. हट्टी मी आहे. बाबा फक्त एका शब्दावर अडून बसायचे. तो शब्द म्हणजे ‘मोकळी’.

बाबा पेट्रोलचा टँकर चालवायचे. पेट्रोल उतरवलं की बाकीचे ड्रायव्हर म्हणत, गाडी मोकळी झाली. बाबा म्हणत, पेट्रोल उतरलं, वाफ आतच आहे. हिंग गेला तरी वास राहतो, आणि हा वास भरल्या टाकीपेक्षा लवकर पेटतो. म्हणून टाकी धुऊन वाफ काढेपर्यंत धोक्याचा बोर्ड काढायचा नाही, असा नियम. यावरून यार्डात त्यांचं नाव ‘भरलेराव’ पडलं होतं. बाबा त्या नावालाही ओ द्यायचे.

गाड्या मामाच्या, म्हणजे आईच्या भावाच्या. नोकरी त्याची आणि यार्डामागची आमची खोलीही त्याचीच. धोक्याचा बोर्ड असलेल्या गाडीला वस्तीखालच्या बोगद्यात बंदी होती, त्यामुळे पुन्हा पेट्रोल भरायला डेपोवर जायला लांबचा वळसा पडे. मामाला तो वळसा खुपायला लागला. मोकळ्या गाड्यांचे बोर्ड काढा आणि बोगद्यातून जा, असं त्याने सगळ्यांना सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. बाबांनी नाही.

आईने रात्रभर समजावलं. पाण्यात राहून माशाशी वैर कशाला? खोली गेली तर पोरीला घेऊन जायचं कुठे? मला आईचा राग आला होता.

सकाळी मामा टँकरपाशीच येऊन उभा राहिला.

“भाऊजी, गाडी मोकळी आहे. बोर्ड काढा, नाहीतर किल्ली ठेवा.”

एवढं बोलून त्याने सिगारेट तोंडात धरली आणि नेहमीच्या सवयीने पेटवायला गेटबाहेर गेला. बाबांनी त्याला निवांत ओढू दिली. तो परत आल्यावर विचारलं, “मोकळी आहे ना? मग ओढायला बाहेर कशाला गेलास?”

कोणीतरी फिसकन हसलं. मामाचे कान लाल झाले. त्याने नुसता हात पुढे केला. बाबांनी किल्ली ऑफिसच्या पायरीवर ठेवली. मामाने दुसऱ्या ड्रायव्हरला हाक मारली, तर त्याच्या पोटात एकाएकी कळ आली. तिसरा चपला शोधायला लागला. चपला त्याच्या पायातच होत्या.

तेवढ्यात आई ओल्या हातांनी बाहेर आली. आता ही भावाच्या विनवण्या करणार, असं वाटून मला लाज वाटली. तिने पायरीवरची किल्ली उचलली आणि बाबांच्या हातात दिली.

“दादा, खोली आज मागितलीस तर आज सोडते. पण हे जातील ते बोर्ड लावूनच.”

मामा टँकरपासून बाजूला झाला. बाबांनी फडक्याने बोर्ड पुसला, गाडी बाहेर काढली आणि वळशाच्या रस्त्याला लावली. गाडी दिसेनाशी होईपर्यंत आई गेटात उभी होती. मग खोलीत येऊन ती भांडी बांधायला बसली.

“मामा खरंच खोली मागेल?” मी विचारलं.

“मागू दे,” आई म्हणाली आणि गाठ आवळली.