भीती परत येईपर्यंत

फर्निचरला पॉलिश करणाऱ्या त्या माणसाला सगळे ससोबा म्हणत. पाल दिसली की हा खाटेवर, बेल वाजली की मोरीत. लिफ्टमध्ये तर त्याने जन्मात पाय ठेवला नव्हता.

"लग्नात वाटलं, नवऱ्याला थंडी वाजतेय," बायको सांगे. "बावीस वर्षं झाली, थंडी काही जात नाही."

कामावर मात्र तोच माणूस वेगळा. ओल्या पॉलिशवर धूळ बसू नये म्हणून तो दारंखिडक्या लावी, फटींना कागद चिकटवी आणि मग पॉलिश पातळ करायच्या थिनरचा डबा उघडी. त्या कोंडलेल्या वासात तासाभरात खांदे सैल पडत, शीळ सुरू होई. "साहेब, हा रंग तुम्हाला कोणी सुचवला? शत्रूनं?" असं तो मालकाच्या तोंडावर विचारी. संध्याकाळी घरी येईपर्यंत ते धैर्य वाटेतच कुठेतरी गळून पडे.

"घरी ससा, तिकडे वाघ," बायको हसे. वाघ थिनरच्या डब्यात राहतो, हे तिला ठाऊक नव्हतं.

यंदा त्याची छाती रोज पहाटेपासूनच धडधडू लागली. डॉक्टरांनी घाबरणं कमी करणारी गोळी दिली. काम काय करता, असं त्यांनी विचारलं तेव्हा हा नुसतं "लाकडाचं" म्हणाला. पहिली गोळी घेतल्यावर मात्र नवलाने म्हणाला, "अगं, हे ओळखीचं आहे. अगदी माझ्या बंद खोलीसारखं."

दुसऱ्या दिवशी गोळी घेऊनच तो कामावर गेला.

दुपारी बायको त्याच्या जेवणाचा डबा घेऊन तिथे पाचव्या मजल्यावर आली. दार ढकलताच वासाने डोळे चुरचुरले. नव्या कपाटाचं दार आरशासारखं चमकत होतं आणि त्यात एक उघडी खिडकी दिसत होती. चिकटवलेला कागद फाडून तो खिडकीत बसला होता. पाय बाहेर सोडून, चौकटीवर बाहेरच्या बाजूने चिंधी फिरवत होता.

"अहो," ती हळूच म्हणाली. ओरडायची हिंमत नव्हती.

"आलीस? पडलो तर काय होईल गं?" भाजी काय केलीस, असं विचारावं तसं त्याने विचारलं. "मला काहीच वाटत नाहीये."

आवाज त्याचाच होता. त्यात तो नव्हता.

तिने मागून कंबरेला मिठी घालून त्याला आत ओढलं. तो हसतच जमिनीवर आला. तिने थिनरच्या डब्याचं झाकण दाबलं, सगळ्या खिडक्या उघडल्या.

"अगं, धूळ! ओलं आहे अजून!"

"बसू दे."

त्याला जिन्यात नेऊन तिने पायरीवर बसवलं. समोर लिफ्ट थांबली. दार आपोआप उघडलं. आत कोणीच नव्हतं.

"चल, बसू या हिच्यात," तो म्हणाला आणि उठू लागला. तिने शर्ट सोडला नाही. दार मिटलं.

मग ती वाट पाहत राहिली. जेवणाचा डबा गार झाला. आत कपाटावर धूळ बसत असेल. त्याचा चेहरा गुळगुळीत, कोणाचाही असावा तसा.

पुष्कळ वेळाने लिफ्ट पुन्हा थांबली, तशीच रिकामी. या वेळी तो तिच्याकडे सरकला. तिच्या मुठीत त्याची बोटं आली.

"घाबरलात?"

"हो."

"देव पावला," ती म्हणाली आणि तिला रडू फुटलं.