कोप्यांवरचं ऑडिट

मी सी.ए. पास झाले तेव्हा आमच्या घरात पेढ्यांच्या आधी पुणं आलं. "आता पोरगी पुण्याला, कंपनीत!" आण्णा ज्याला त्याला सांगत सुटले. कोपरगावजवळचं आमचं गाव तसं लहान, संध्याकाळपर्यंत सगळ्यांना कळलं. वडलांना कशाला बोल लावू? मी स्वतःही कॉलेजपासून तेच म्हणत होते. मोठ्या कंपनीची फायनान्स हेड व्हायचं, काचेच्या केबिनमध्ये बसायचं. त्या केबिनमध्ये बसून दिवसभर नक्की काय करायचं, हे मला कुणी विचारलं नव्हतं आणि मीही कुणाला विचारलं नव्हतं.

मग घोडं अडलं. पुण्याच्या एका कंपनीने नोकरी देऊ केली आणि त्याच आठवड्यात नगरच्या ज्या फर्ममध्ये मी काम शिकले तिथले सर म्हणाले, "सामाजिक संस्था आणि सरकारी योजना, ही सगळी ऑडिटं आता तू सांभाळ. मला आता दगदग सोसत नाही." पगार पुण्यापेक्षा कमी, फिरणं जास्त. तरी मी तिथल्या तिथे नाही म्हणाले नाही. आणि तिथूनच डोक्याला भुंगा लागला.

कारण पुण्याच्या मुलाखतीत तो साहेब नाकाने कांदे सोलत म्हणाला होता, "ट्रस्टची अन् सरकारी ऑडिटं दोन-तीन वर्षं केलीत ना मॅडम, की शिक्का बसतो. मग कंपन्या दारात उभं करत नाहीत." मेल्याने बोलायला नको होतं. बोलला, आणि माझं जेवण गेलं. पुण्याला हो म्हणावं तर सरांचं काम सोडवत नव्हतं, सरांना हो म्हणावं तर सगळं करिअर आयुष्यभर कुठल्यातरी कपाटात कुलूपबंद होणार असं वाटायचं. सोमवारी पुण्याला उत्तर द्यायचं होतं. आई फोनवर म्हणाली, "काय ते एकदाचं ठरव बाई, तुझ्या आवाजानं आमचीसुद्धा झोप उडालीय."

सर म्हणाले, "शुक्रवारी एक काम कर, मग ठरव." काम साधं होतं. पाथर्डीच्या पुढे डोंगराकडेला एक गाव. तिथल्या गरीब कुटुंबांना एका संस्थेने सरकारी अनुदानातून सौर दिवे वाटले होते. यादीतली माणसं शोधायची, दिवा त्यांच्याकडे आहे का ते डोळ्यांनी बघायचं, शेरा लिहायचा. झालं.

गावात पोचले तर घरोघर कुलपं! आळीच्या आळी बंद. एका ओट्यावर एक म्हातारी तेवढी शेंगा फोडत बसली होती. संस्थेच्या कार्यकर्त्या बाई माझ्याबरोबर होत्या. मी त्यांच्याकडे बघितलं, त्या जमिनीकडे बघायला लागल्या.

"आजी, माणसं कुठं गेली सगळी?" मी विचारलं.

आजीने माझ्याकडे अशी नजर टाकली, जणू ही बाई कुठल्या देशातून आली. "उसाला गेल्यात न्हवं. जानेवारीत कोन ऱ्हातं इथं?"

अगं बाई! मी कपाळावर हात मारून घेतला. ही ऊसतोडीची माणसं. दसरा-दिवाळी झाली की कोयता घेऊन निघायची आणि हंगाम संपला की परतायची. आणि हे मला, उसाच्या रानात लहानाची मोठी झालेल्या मला, तारीख काढताना सुचू नये? दरवर्षी आमच्या गावात टोळी यायची. आम्ही नुसतं 'टोळी आली' म्हणायचो. ती कुठल्या गावातून येते, मागे त्यांचं घर असतं की नाही, हे आमच्या घरात कधी कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"अहो, मग तुम्ही सांगायचं नाही का?" मी कार्यकर्त्या बाईंवर चिडले.

"तारीख तुमच्या ऑफिसने दिली मॅडम," त्या हळूच म्हणाल्या. "आजवर जे आले ते कागद बघून, चहा पिऊन गेले. आम्हाला वाटलं, तुम्हीही तसंच."

सरांना फोन लावला. ते म्हणाले, "लाभार्थी आढळले नाहीत, असं लिही आणि ये. नियमाला धरून आहे." नियमाला धरून होतंच. पण तो शेरा वाचणाऱ्याला काय वाटलं असतं? नावं खोटी आणि दिवे गडप. माझा पारा चढला. माणसं आहेत, दिवेही असतील, मी चुकीच्या जागी उभी आहे एवढंच, आणि लिहायचं काय, तर माणसं नाहीत! मी पेन बंद केलं. कार्यकर्त्या बाईंकडे टोळीच्या मुकादमाचा नंबर होता. त्याने ठिकाण सांगितलं तेव्हा मला हसूच आलं. यादीतली जवळजवळ सगळी मंडळी आमच्याच गावाच्या कॅनॉलकडेला उतरली होती.

शनिवारी गावी गेले. आण्णा स्टँडवर मोटारसायकल घेऊन उभे. त्यांना वाटलं, पोरगी पुण्याचं पक्कं करायला आली. मी म्हटलं, "आधी कॅनॉलकडेच्या कोप्यांवर चला." त्यांचं तोंड बघण्यासारखं झालं होतं.

दिवस मावळत होता. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या कोप्या, बाहेर चुली पेटलेल्या, बाया भाकरी थापत होत्या. आणि कोपीच्या तोंडाशी एकेक सौर दिवा टांगलेला, बुडाशी संस्थेचा नंबर. मी एकाखाली वाकले तर एक बाई पिठाच्या हातानेच आडवी आली.

"परत न्यायला आला का काय? न्हाई देनार! अंधारात उसाच्या फडावर जायचं आस्तं आमाला, इचू-काटा कळतो तरी ह्याच्यानं."

"न्यायला नाही आले. आहे का, तेवढंच बघायला आलेय."

"नुसतं बघायला?" तिला ते काही केल्या पटेना. मग बाया एकमेकींना हाका मारायला लागल्या. एकीचा दिवा बैलगाडीखाली सापडून फुटला होता. आपल्यावर आळ नको म्हणून तिने तुकडे पिशवीत बांधून ठेवले होते. तिने ती पिशवी माझ्यापुढे उघडली. दुसरी तोंडावर म्हणाली, "आमच्या घरधन्यानं इकला. ल्ही तसंच." मी तसंच लिहिलं. आण्णा पुढे पुढे जाऊन, "अहो, इकडं अजून एक हाय!" म्हणून मला हाका मारत होते, जसं काही ऑडिट त्यांनाच दिलंय.

निघताना ती पहिली बाई जवळ आली. "आजपस्तोर कुनी आलं न्हवतं बघायला. पुढल्या साली बी तूच येनार का?"

"व्हय, मीच," मी म्हटलं.

बोलून गेले आणि जागीच थांबले. इतके दिवस जे ठरत नव्हतं ते तोंडातून निघूनसुद्धा गेलं होतं. मला हे काम आवडतं. कागदावर लिहिलेलं खरंच आहे का, ते जागेवर जाऊन बघायला मला मनापासून आवडतं. शिक्का बसेलही. पगाराचं वाईट वाटेलही. पण काचेच्या केबिनमध्ये बसून मी 'आढळले नाहीत' लिहिणाऱ्यांचेच शेरे वाचत बसले असते. त्या रात्री मी आईच्या हातच्या चार भाकरी खाल्ल्या. आई बघतच राहिली.

सोमवारी पुण्याला फोन लावला. काय काय कारणं द्यायची ते सगळं पाठ केलं होतं. पलीकडची मुलगी म्हणाली, "ओके मॅम, नो प्रॉब्लेम. पुढे कधी वाटलं तर अप्लाय करा." आणि ठेवला. एवढंच! जे दार कायमचं बंद होईल या भीतीने मी अन्न सोडलं होतं, ते त्या मुलीने जांभई देत लोटलं होतं, धड लावलंसुद्धा नव्हतं. जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू, मी एकटीच मोठ्याने हसले.

राहिले आण्णा. ते अंगणात मोटारसायकल पुसत होते. मी म्हटलं, "आण्णा, पुण्याला नाही सांगितलं."

त्यांनी फडकं पिळलं, झटकलं, दोरीवर टाकलं. मला वाटलं, आता गावभर काय सांगू म्हणून चिडणार.

"औंदा कोप्या लई आडबाजूला बांधल्या त्यांनी," ते म्हणाले. "पुढच्या हंगामाला मुकादमाला सांगतो, आपल्या बांधाला उतरा म्हनून. पानी हाय, रस्ता हाय. तुला बी सापडायला बरं."