काशीत सोडलेलं दूध

मी काशीला जाऊन देवाला फसवलं. ऐन तारुण्यातली गोष्ट. गंगेत उभं राहून आवडीची एक वस्तू जन्मभरासाठी सोडायची, अशी आमच्याकडे रीत. सासूबाईंनी आंबा सोडला तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी दूध सोडलं, कारण दुधाचा वास मला लहानपणापासून सहन होत नसे. स्वतःच्या हुशारीवर खूश होऊन घाटाच्या पायऱ्या चढत होते, तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या की दूध सोडलं म्हणजे दही, ताक, तूप सगळंच गेलं. ताकाशिवाय माझा घास उतरत नसे. पण सासूबाईंसमोर माघार घेईन तर ती मी कसली.

हैदराबादेत राहून दह्याला हात लावायचा नाही म्हणजे काय, ते इथल्या कुठल्याही पंगतीत बसून बघावं. शेवटचा दहीभात आला की मी पानावर आडवा हात धरी. लोकांना वाटे, केवढी निग्रही बाई. हळूहळू मलाही तसंच वाटू लागलं.

मग एका लग्नात भाजी खाल्ली आणि तिच्या रश्श्यात दही होतं हे हात धुतल्यावर कळलं. त्याच वर्षी दिवाळीनंतर हे गेले. सकाळी चहा मागितला आणि मी कप घेऊन येईपर्यंत खुर्चीतच मान टाकली होती. माझ्यातली थट्टेखोर बाई त्या दिवशी गप्प झाली. कुणाला बोलले नाही, पण मनात गाठ बसली की माझ्या जिभेनं माझा नवरा नेला. आता उरला होता एकुलता मुलगा. पुन्हा चूक होऊन चालणार नव्हतं.

पुढे माझी बोटं गार पाण्यात पांढरी, मग निळी पडू लागली. हातांची, चेहऱ्याची कातडी ताणून बसवल्यासारखी घट्ट झाली. या वयात सुरकुत्या जाव्यात म्हणून बायका काय काय करतात, मला ते आजारानं दिलं. कोठी भागातल्या डॉक्टरबाईंनी त्याचं नाव सांगितलं, सिस्टेमिक स्क्लेरोसिस. बोटं वाकली ती तशीच राहिली. नमस्काराला तळवे जुळेनात, मधे चेंडू धरल्यासारखं दिसे.

एका सकाळी समई उचलायला वाकले आणि पाठीत कळ आली ती जाईना. मणका पिचला होता. डॉक्टरबाईंनी समजावलं की या आजारात कातडी सगळ्यांना दिसते, हाडं मात्र आतल्या आत विरत जातात. खाल्लेलं अंगी लागत नाही, माणूस घरात बसून राहतं, ऊन मिळत नाही, त्यात वय आणि औषधं. अन्ननलिका आखडल्यामुळे हाडांच्या गोळ्या मला चालणार नव्हत्या. सलाईनमधून औषध द्यायचं, पण त्याआधी अंगातलं कॅल्शियम आणि ड जीवनसत्त्व भरून यायला हवं. कॅल्शियमच्या गोळीनं पोट बिघडे, म्हणून रोज दही खा म्हणाल्या. मी मान डोलावली. सून वाटी आणून ठेवी आणि मी ती गुपचूप मांजरीपुढे सरकवी. आमच्या घरात धष्टपुष्ट झाली ती मांजर.

पुढच्या तपासणीत डॉक्टरबाई गंभीर झाल्या. असंच चाललं तर आणखी मणके जातील, मग अंथरूण. घरी येऊन देवासमोर बसले आणि रडले. दही खावं तर मुलाच्या जिवाची भीती, न खावं तर त्याच्यावर माझं ओझं. काय मागावं तेच कळेना. म्हटलं, तूच बघ आता, माझी अक्कल संपली.

त्या शनिवारी मुलानं चिक्कडपल्लीच्या देवळात नेलं. मला खुर्चीवर बसवून तो गाडी लावायला गेला. माझ्याच वयाची एक अनोळखी तेलुगू बाई प्रसादाचे द्रोण वाटत आली. द्रोणात दद्दोजनम, म्हणजे फोडणीचा दहीभात. मी मान हलवली. तिला वाटलं, वाकड्या बोटांमुळे संकोचते. ती शेजारी टेकली, लहानसा घास करून माझ्या ओठांशी धरला. माझं तोंडही आता पुरतं उघडत नाही. ती तशीच थांबून राहिली आणि हळूच म्हणाली, "अम्मा, देव के घर का है, नक्को नई बोलते."

त्याच्याच दारातलं दही, त्याला नाही कसं म्हणणार? डोळे मिटले आणि मुलाचं नाव घेत गिळलं. तिनं अख्खा द्रोण भरवला, पदरानं माझं तोंड पुसलं आणि गर्दीत मिसळली. नंतर अनेक शनिवार तिला शोधलं, दिसली नाही. ती कोण होती, हे मी कुणाला पटवायला जात नाही. हात मात्र जोडते, जुळतील तेवढे.

मग घरीही रोज दही खाल्लं, आता सलाईन झालं आहे. पिचलेला मणका पूर्वीसारखा होणार नाही, बोटंही सरळ होणार नाहीत. इतकी वर्षं मी देवाशी घासाघीस करत होते आणि त्यालाच भक्ती म्हणत होते. शरण जायला मला फक्त तोंड उघडायचं होतं, तेही दुसऱ्या कुणी घास धरल्यावर.

त्या शनिवारी देवळातून परतताना गाडीत बसल्या बसल्या मुलाला सगळं सांगितलं, काशी, लग्नातली भाजी, त्याचे बाबा, आणि आता त्याच्यासाठी वाटणारी भीती. बरकतपुऱ्याच्या वळणावर त्यानं गाडी कडेला घेतली. इंजिन बंद केलं आणि म्हणाला,

"आई, बाबांचं हृदय आधीपासूनच खराब होतं. मला म्हणाले होते, तिला सांगू नकोस, माझ्यासाठी ती आणखी काहीतरी खायचं सोडून बसेल."