केळं जेवणात धरत नाहीत

माझी मुलगी तीन वर्षांची झाली तोवर तिच्याबद्दल अख्ख्या खानदेशाचं एकमत झालं होतं. पोरगी काहीच खात नाही.

जळगावात मेहरूणला आमचं दोन खोल्यांचं घर आहे. तिथे येणारा पाहुणा चपला काढायच्या आत तिचा दंड चाचपायचा, बाजारात बकरी घेताना चाचपतात तसा, आणि मग माझ्याकडे बघायचा. त्या बघण्यातच सगळं यायचं. आई नोकरी करते, दिवसभर शाळेच्या ऑफिसात बसते, पोर शेजारच्या काकूंकडे असतं, मग दंड असाच राहणार. माझ्या नवऱ्याकडे असं कुणी बघितलं नाही. तोही नोकरीच करतो, पण बापाचं काम संध्याकाळी येऊन "आज खाल्लं का तिने?" एवढं विचारण्यापुरतं असतं.

आता ती खरंच काय खायची ते सांगते. सकाळी अर्धा कप दूध, त्यातलं थोडं फ्रॉकवर. दुपारी पाव पोळी, तीही मधला मऊ भाग, कडा माझ्यासाठी. संध्याकाळी चार चमचे वरण-भात. मधूनच एखादा दिवस असा यायचा की ती मजुरासारखी जेवायची, आमच्या ताटातली शेवभाजीतली शेवसुद्धा वेचून खायची. मी खूश होऊन दुसऱ्या दिवशी दुप्पट करून ठेवलं की तोंडाला कुलूप. धुळ्याहून माझी आई फोनवर म्हणायची, "भूक लागनी म्हणजे खाई. बठ्ठा पोरं खातस. तू ते माती खाये, तरी वाढनी ना." आईचा धीर असाच असतो, मध्येच आपली अब्रू काढतो.

लहान मुलांच्या डॉक्टरांकडेही नेलं. त्यांनी तिला तपासलं, उंची-वजनाचा तक्ता बघितला आणि म्हणाले, "हिची मूठ बघा. पोट साधारण तेवढंच. काय द्यायचं ते तुम्ही ठरवा, किती खायचं ते तिला ठरवू द्या. आणि एका दिवसाचं धरू नका, आठवड्याचं धरा." मी तरंगत घरी आले.

घरी सासूबाई बसल्या होत्या. यावलच्या पलीकडे, सातपुड्याच्या पायथ्याला आमचं गाव. घरची केळीची शेती. सगळं गाव त्यांना अक्का म्हणतं म्हणून मीही अक्काच म्हणते. मी डॉक्टरांचं मुठीचं सांगितलं.

"कोनाची मूठ?" अक्कांनी विचारलं. "पोरीची? ते तर लिंबाएवढी हाये. लिंबाएवढ्या जेवनानं मानूस जगतं का वं?"

"अक्का, डॉक्टर शिकलेले आहेत."

"त्याले पाह्यला मी मागच्या खेपेले. तो सोताच सुकेल हाये."

तेवढं मात्र खरं होतं, डॉक्टर काडीपैलवानच आहेत.

त्या मुक्कामात अक्कांनी नातीला जेवण वाढलं. ताटात भाताचा ढीग, मध्ये खड्डा, खड्ड्यात वरण, वरून तेलाची धार, बाजूला चुरलेली अख्खी भाकरी. तेवढं मला एका बैठकीत संपलं नसतं. पोरीने ढिगाकडे बघितलं, त्यातला एक दाणा बोटाने उचलून तोंडात टाकला आणि "झालं" म्हणाली. अक्कांनी पदराने डोळे टिपले आणि निकाल दिला, "वर्षभर माह्यापाशी राहू दे हिले. शाळेत घालाच्या येळेले घेऊन जाजा."

मला वाटलं, नवरा हसण्यावारी नेईल. तो म्हणाला, "विचार करायला हरकत नाही. तिकडे दोन घास जास्त खाईल." मी भांडले, रडले, दोन दिवस अबोला धरला. अबोल्याचा त्याला काहीच त्रास झाला नाही, हे आणखी वाईट. शेवटी फोनवरून सासऱ्यांनी, म्हणजे आबांनी, तोड काढली. आबा कमी बोलतात आणि काट्यावर आलेल्या वजनाशिवाय कशावर विश्वास ठेवत नाहीत. ते म्हणाले, "आठ दिवस गावात येऊन राहा दोघी. आल्यावर वजन करू, जाताना करू. वाढलं तर अक्काचं खरं, नाही वाढलं तर सूनबाईचं."

मी आठ दिवसांची रजा टाकली. पोरीचं वजन वाढू नये म्हणून मनातल्या मनात प्रार्थना करणारी मी बहुधा जिल्ह्यातली एकमेव आई असेन.

गावात पोचलो त्याच दिवशी मळ्यात केळीची कापणी चालू होती. आबांनी पोरीला प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये बसवलं आणि केळीच्या काट्यावर ठेवलं. "क्रेट वजा करा," मी म्हटलं. "मले शिकवू नको," आबा म्हणाले. बारा किलो दोनशे. क्रेटमधून तिला उतरायचंच नव्हतं, गाडी भरणाऱ्या माणसांनी उतरवलं.

मग जेवणाचा कार्यक्रम सुरू झाला. अक्का वाटी घेऊन पुढे, पोरगी आणखी पुढे, मागे मी. चिऊचा घास, काऊचा घास, मामाचा, मावशीचा असं करत सगळे नातेवाईक संपले. गल्लीतल्या बायाही मदतीला आल्या. एक टाळ्या वाजवायची, एक मांजर दाखवायची, तिसरी पोरीने तोंड उघडलं रे उघडलं की घास आत ढकलायची. पोरगी तो घास गालात धरून ठेवायची आणि अर्ध्या तासाने तुळशीच्या कुंडीत थुंकायची. आठ दिवसांत त्या तुळशीला जेवढं वरण-भाताचं खत मिळालं तेवढं वर्षात मिळालं नसेल. अक्का रोज रात्री म्हणायच्या, "आज बी काही खाल्लं नाही माह्या मायनं." आणि मी, लाज वाटते सांगायला, मनात म्हणायचे, छान.

चौथ्या दिवशी मला शंका आली. जेवत नाही तर ही एवढी धावते कशावर? दिवसभर अंगणातून मळ्यात, मळ्यातून अंगणात, उतरणीला लागलेल्या रिकाम्या बैलगाडीसारखी. मी एक सकाळ तिच्यावर पाळत ठेवली.

ओसरीत पिकलेल्या केळीचा घड टांगलेला असतो, आमच्याकडे बारा महिने. खालची फणी तिच्या हाताला येईल एवढीच उंच. ती आली, एक केळं ओढलं, आबांनी दिवाणावरून न बघताच सोलून दिलं. केळं तिच्या कोपरापर्यंत लांब होतं. ते संपवून ती मळ्यात गेली, तिथे काम करणाऱ्या बायांनी एक दिलं. तिथून आली, पुन्हा घडाखाली. साल बकरीला. बकरी तर तिच्या मागेच असायची, तिला ठाऊक होतं. दुपारी अक्का वाटी घेऊन उठल्या तोवर पोरीच्या पोटात तीन केळी होती आणि मधे केव्हातरी प्यायलेलं पेलाभर दूध.

"अक्का," मी म्हटलं, "हिने सकाळपासून तीन केळी खाल्ली."

"मंग?"

"मंग काय? पोट भरलं तिचं."

अक्का माझ्याकडे अशा बघायला लागल्या की मीच खुळी. "केयं काय खानं असतं का वं?"

त्या घरात केळं कुणी जेवणात धरतच नव्हतं. ज्यांच्या अंगणात दर आठवड्याला गाडी भरते त्यांना ते खाणं वाटत नाही. कुणाला भूक लागली म्हणून तिथे केळं देत नाहीत, हात रिकामा आहे म्हणून देतात. मी धुळ्याकडची, आमच्याकडे ज्वारी आणि कापूस, केळी डझनावर विकत आणायची, म्हणून माझ्या तरी ध्यानात आलं.

पण अक्कांचं ते वाक्य दिवाणावर झोपल्यासारखे पडलेल्या आबांना लागलं. ते उठून बसले. "केयं खानं नाही? चाळीस वर्षं मी केयं लावून राह्यलो. ते दिल्लीचे लोकं गाड्या भरून नेता, ते काय त्याची पूजा करता का?"

"मी कुठं तसं म्हटलं?"

"म्हटलं! आता म्हटलं!"

आबा त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणजे भाकरी खाल्ली नाही, रागाने चार केळी खाल्ली. मी स्वयंपाकघरात तोंडाला पदर लावून हसत होते. वाटलं, जिंकले.

आठव्या दिवशी पुन्हा काटा. बारा किलो पाचशे. तीनशे ग्रॅम म्हणजे सोललेली दोन केळी, आणि दोन्ही नुकतीच आत गेली होती, हे मी ओरडून सांगितलं. कुणी ऐकलं नाही. अक्कांचा चेहरा उजळला. "पाह्यलं? अठी खाते पोरगी. तुनंच तर दाखवलं. तठी कुठं हाये घड?"

माझाच पुरावा माझ्या गळ्यात आला. नवरा आम्हाला न्यायला आला होता, तो काट्याकडे बघत म्हणाला, "तसं वाढलंय खरं." त्याला त्याच क्रेटमध्ये घालून दिल्लीला पाठवून द्यावंसं वाटलं.

संध्याकाळी अक्का ओसरीत मेथी निवडत बसल्या होत्या. मी समोर जाऊन बसले. आठ दिवस मुठी, वाट्या, केळी असलं सगळं बोलून झालं होतं, आता माझ्याकडे एकच गोष्ट उरली होती. म्हटलं, "अक्का, ती खाऊ दे नाहीतर न खाऊ दे. मला ती माझ्या घरी पाहिजे. संध्याकाळी मी आले की ती दाराशी पळत येते. तेवढ्यासाठी मी दिवस काढते."

त्यांनी मेथीची दुसरी जुडी हातात घेतली.

मग म्हणाल्या, "तुह्या नवऱ्याले बी असंच नेलं व्हतं. तीन वर्साचा व्हता. सासू म्हने, तू दिवसभर मळ्यात, पोर सुकून राह्यलं. भडगावले त्याच्या आत्याकडे धाडलं. दोन वर्सं." त्यांनी हातातली जुडी खाली ठेवली. "गुटगुटीत होऊन आला. आत्याले आई म्हने. मले वहिनी."

माझ्या नवऱ्याने हे मला कधीच सांगितलं नव्हतं. त्याला आठवतही नसेल.

"अक्का..."

"एवढ्या वयाचं पोर माह्या हातानं जेवलंच नाही कधी," त्या म्हणाल्या. "मले बी कुठं समजतं, किती खाता ते."

आठ दिवस मी ज्या बाईला मनात शिव्या घातल्या होत्या तिच्यापुढे मला मान वर करवेना. मी आत जाऊन लहान वाटीत भात कालवला, कमी, अगदी कमी, आणि पोरीला उचलून अक्कांच्या मांडीवर बसवलं. या वेळी मांजर नव्हतं, टाळ्या नव्हत्या. पोरीने एक घास घेतला. दुसरा घेतला. तिसऱ्याला तोंड फिरवलं.

मी अक्कांकडे बघितलं. त्यांचा हात घासासकट तसाच थांबला होता. मग त्यांनी तो घास परत वाटीत ठेवला, पदराने तिचं तोंड पुसलं आणि मला म्हणाल्या, "झालं तिचं. तिघंबी सकायची यावलची पह्यली गाडी धरा, बसाले जागा भेटते."